‘टाका’ की ‘ओता’?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाककृतींच्या सदरांत हल्ली ‘उरलेला पाक टाका’ असे वाक्य सर्रास छापले जाते. हा पाक मिश्रणात घालायचा की मोरीत फेकायचा? मराठीत ‘टाकणे’ला दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे नवशिक्याचा घोटाळा होणारच.

ओतणे म्हणजे भांडे कलते करून आतले पातळ सलग धारेने जाऊ देणे. चमचाभर असेल तर ते घालतात. तव्यावर कडेने तेल सोडतात. तिथे ‘ओता’ छापले आणि कुणी ते शब्दशः केले, तर धिरडे तळूनच निघेल. भाताचे जादा पाणी झाकण तिरके धरून काढणे म्हणजे वेळणे. पाणी जाते, शिते राहतात. हा शब्द तर पाककृतींतून जवळजवळ गेलाच आहे, याचे फार वाईट वाटते.

ओतण्यातला सलगपणा किती महत्त्वाचा, हे ओतशाळेत कळते. ओतीव, ओतकाम, ओतारी हे शब्द याच क्रियापदाचे. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रस साधारण १३०० ते १४०० अंश सेल्सिअसला साच्यात ओततात. धार मध्येच तुटली, तर आधी पडलेल्या रसावर थिजलेला पापुद्रा धरतो आणि मागून आलेला रस त्याच्याशी एकजीव होत नाही. वस्तू बाहेर निघते ती अंगावर सांध्याची रेघ घेऊन, आणि ताण आला की तडा तिथेच जातो. काँक्रीटचेही तसेच. पहिला थर आवळल्यावर दुसरा ओतला की मधल्या सांध्यातून पाणी झिरपते. शिवाय ते फार उंचावरून ओतले तर खडी वेगळी पडते. भारतीय मानक ४५६ (२०००) मध्ये त्यासाठी १.५ मीटरची मर्यादा दिली आहे. गंमत अशी, की काँक्रीट ‘ओततात’ पण स्लॅब ‘टाकतात’. तो ‘टाकणे’ मात्र रूढ आहे, त्याला हरकत नाही.

बातम्यांत तर हा भेद आरोपाचा ठरतो. टँकर उलटला की तेल सांडते. आंदोलक दूध ओततात, ‘सांडत’ नाहीत. ‘त्याने रॉकेल सांडले’ म्हटले तर चूक झाली, ‘ओतले’ म्हटले तर हेतू आला. असा शब्द ठरवण्याआधी वार्ताहराने घटना नीट विचारून घ्यायला हवी.

विज्ञानाच्या पानावर नुसत्या ‘-त’ प्रत्ययावर डोळ्यांची सुरक्षितता अवलंबून असते. तीव्र सल्फ्युरिक आम्ल पाण्यात, थोडे थोडे, ढवळत सोडायचे. उलट, आम्लात पाणी ओतले तर हलके पाणी वरच राहते, तिथल्या उष्णतेने उकळते आणि आम्लासकट अंगावर उडते. इथे ‘मिसळा’ लिहून भागत नाही. काय कशात जाते आणि कसे, ते स्पष्ट छापावे.

जाता जाता: ‘ओतप्रोत’मधला ‘ओत’ ओतण्याचा नव्हे. तो संस्कृतातला, विणण्याच्या धातूपासून आलेला आहे. उभ्या-आडव्या धाग्यांसारखे एकमेकांत गुंफलेले, असा त्याचा मूळ अर्थ.

पाककृती आणि प्रयोगांचा मजकूर छपाईला जाण्यापूर्वी त्यातली क्रियापदे एकदा तपासली जावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक