इंजिन बदललं, पण हीटरचं काय?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

थंडी पडली की तुम्ही निफाडचा पारा छापता, द्राक्षवाल्यांची काळजी छापता, छापायलाच पाहिजे, पण त्याच थंडीत पहाटे जुन्या गाडीतून वणीला निघालेल्या माणसाचं कोणी छापत नाही म्हणून हे पत्र.

आमची अँबेसिडर मूळची दिल्लीकडची, त्यामुळे तिला हीटर होता. जुनं १४८९ सीसीचं इंजिन दमलं म्हणून इसुझुचं १८१७ सीसीचं बसवून घेतलं (आरटीओची परवानगी आधी काढली, आरसीवर नोंदही केली, ते विसरू नका). इंजिन झकास, पण फिटरने हीटरचे दोन्ही पाईप (इंजिनाचं गरम पाणी हीटरमध्ये आणणारा आणि परत नेणारा) दुमडून बाइंडिंग वायरने बांधून टाकले, वर म्हणतो नाशिकला कशाला पाहिजे हीटर! दिंडोरीच्या पुढे धुक्यात काच आतून अशी धुरकटली की बायको फडक्याने पुसतेय आणि मी त्या वीतभर जागेतून रस्ता शोधतोय. एसी नाही, म्हणजे काच साफ ठेवायला तो गरम वाराच.

मग भांडून जोडून घेतला, तर इंजिन तापल्यावर एक होज, म्हणजे रबरी पाईप, चटका बसेल इतका गरम आणि दुसरा गारच. पाणी हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, घेतलं होतं ते बरोबर, पण परतीचा पाईप रेडिएटरच्या वरच्या होजला टी टाकून जोडलेला. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) बंद असतो तोवर पाणी तिकडून पळतं आणि इंजिन तापायला वेळ लागतो, आणि थर्मोस्टॅट उघडला की दोन्ही टोकांना दाब जवळपास सारखाच, मग पाणी हीटरमधून फिरेल कशाला? परतीचा पाईप वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला द्यायचा, खालच्या होजला दिला तरी चालतो, आणि गरम पाणी थर्मोस्टॅटच्या आधी घ्यायचं, एवढीच तर गोष्ट आहे.

हीटरचा पाईप बारीक आणि इंजिनाचं तोंड मोठं, तर फिटर होज ताणून क्लिप आवळत होता. मी सातपूरला लेथवर पितळेचा जोड टर्न करून घेतला, दोन टोकांना दोन मापं आणि कडेला बारीक उंचवटा, त्यामुळे होज निसटत नाही. होज सायलेन्सरच्या पाईपापासून लांब ठेवला आणि पत्र्यातून आत जातो तिथे रबर बसवलं. शेवटी हवा काढली. गाडी चढावर नाक वर करून उभी केली, हीटरचा नळ उघडा ठेवून थंड इंजिनातच कूलंट भरलं आणि चालू करून होज दाबत बसलो, डॅशबोर्डमागची खळखळ थांबेपर्यंत.

अजून एक, थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडच्या गॅरेजांची सवय. काढला की थंडीत इंजिन धड तापतच नाही, हीटर कोमट आणि पेट्रोल जास्त. आणि काही इंजिनांत हीटरची लाईनच बायपासचं, म्हणजे थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरतं ठेवायचं, काम करते, ती बुजवली तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत हेडमधलं पाणी जागच्या जागी तापत राहतं. हीटर नकोच असेल तर इंजिनावरची हीटरची दोन तोंडं एका होजने एकमेकांना जोडा, बोल्ट कोंबू नका.

तुमच्या पुरवणीत नव्या गाड्यांचे फोटो येतात, कधीतरी अशा जुन्या गाड्यांच्या कामाचंही छापा. फिटर लोक वाचतील, डबा तर पेपरवरच खातात.

आपला एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक