विजेरीची सेटिंग आणि झोत ठेवल्या जागी टिकत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: हातातील एलईडी विजेरीचा प्रकाशप्रकार व झोत ठेवल्याप्रमाणे न राहण्याबाबत, तसेच खोक्यावरील अपुऱ्या माहितीबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची रिचार्जेबल विजेरी मी एका विशिष्ट गरजेसाठी घेतली. घरात आजारी माणूस आहे, रात्री वारंवार उठावे लागते, आणि खोलीतला दिवा न लावता औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचता येईल एवढाच उजेड मला हवा असतो. खोक्यावर पाच प्रकाशप्रकार, पुढचा भाग सरकवून झोत रुंद किंवा अरुंद करण्याची सोय आणि ‘शेवटची सेटिंग लक्षात राहते’ हे तीन गुण ठळक अक्षरांत छापलेले आहेत. त्यातल्या तिसऱ्यावर विसंबून मी ही विजेरी निवडली आणि नेमका तोच गुण तिच्यात नाही.

प्रत्यक्षात होते ते असे. मागचे बटण पूर्ण दाबले की विजेरी लागते आणि अर्धवट दाबून सोडले की प्रकार बदलतो; क्रम आहे पूर्ण, मध्यम, मंद, जलद उघडझाप आणि शेवटी तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड असा संकटाचा इशारा. मंद प्रकाश ठेवून विजेरी बंद केली, तर पुढच्या वेळी ती मंद लागायला हवी. ती लागते उघडझापीवर, कारण बंद करून पुन्हा लावणे हीसुद्धा बटणाची एक दाब धरली जाते आणि प्रकार एक पायरी पुढे सरकतो. म्हणजे ज्याला सर्वांत कमी उजेड हवा आहे, त्यालाच दर वेळी सर्वांत त्रासदायक उजेड मिळतो. झोपलेल्या रुग्णाच्या उशाशी उभे राहून बटण दाबावे आणि अख्खी खोली लखलखू लागावी, रुग्णाने दचकून डोळ्यांवर हात घ्यावा, हा प्रकार मी पुनःपुन्हा अनुभवला आहे. तिथून मंद प्रकाशाकडे मागे जाताही येत नाही. संकटाचा इशारा, मग पूर्ण प्रकाश, मग मध्यम, असा सगळा फेरा करूनच तिथे पोहोचावे लागते. प्रकाशाच्या जलद उघडझापीने अपस्माराच्या काही रुग्णांना झटका येऊ शकतो, हे आपल्या तंत्रज्ञांना सांगायला नको. असा प्रकार नेहमीच्या क्रमात असूच नये. बटण काही क्षण दाबून धरल्यावरच तो सुरू व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी तक्रार झोताची. पुढची कडी बाहेर ओढली की भिंग एलईडीपासून दूर जाते आणि झोत अरुंद होतो, आत ढकलली की रुंद होतो. अरुंद झोतात भिंतीवर चौकोनी ठिपका पडतो. ते एलईडीच्या चौकोनी तुकड्याचेच चित्र असते, भिंगाच्या विजेरीत ते तसे पडणारच आणि त्याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. माझे म्हणणे कडीच्या पकडीबद्दल आहे. आतली रबरी रिंग इतकी सैल आहे की विजेरीचे तोंड जमिनीकडे केले की कडी स्वतःच्या वजनाने घसरून बाहेर येते. जिना उतरताना झोत रुंद ठेवलेला असतो, दोन-तीन पायऱ्या एकदम दिसत असतात, आणि पाहता पाहता तो आक्रसून पावलापुढच्या एका चौकोनापुरता उरतो. पुढची पायरी त्याच्या बाहेर, अंधारात. तोंड वर केले की कडी पुन्हा आत जाते, त्यामुळे उंचावरच्या एखाद्या वस्तूवर अरुंद झोत धरून ठेवणेही जमत नाही. कडी जागच्या जागी अडकवणारी खाच नाही, घट्ट करण्याची सोय नाही. दुसऱ्या हाताने ती धरून ठेवायची, तर मग विजेरी एका हातात वापरण्याची म्हणून कशी विकता येते?

खोक्यावरच्या आकड्यांबद्दलही लिहिणे भाग आहे. कमाल लुमेन, कमाल अंतर आणि कमाल वेळ हे तिन्ही एकाच ओळीत छापले आहेत, जणू ते एकाच वेळी मिळतात. लुमेन म्हणजे बाहेर पडणारा एकूण प्रकाश आणि अंतर ठरते ते झोताच्या मध्याच्या तीव्रतेवर, म्हणजे कँडेलावर. भिंगाच्या विजेरीत झोत अरुंद केला की बराच प्रकाश कडीच्या आतल्या बाजूवर आपटून वाया जातो, त्यामुळे सर्वाधिक अंतर आणि सर्वाधिक लुमेन एकत्र मिळूच शकत नाहीत. एएनएसआय एफएल 1 या विजेऱ्यांच्या अमेरिकी मानकानुसार अंतर म्हणजे जिथे 0.25 लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) उजेड उरतो तिथवरचे अंतर, उदाहरणार्थ 10,000 कँडेलाच्या झोतासाठी 200 मीटर. आणि वेळ म्हणजे प्रकाश सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ. आपण कोणत्या पद्धतीने मोजले, कोणता प्रकार आणि कोणता झोत ठेवून मोजले, यातले एक अक्षरही खोक्यावर किंवा माहितीपत्रकात नाही. त्या पत्रकात चार्जिंगबद्दल चार ओळी आहेत, सेटिंगबद्दल एक बाणांची आकृती आहे, तीही उघडझाप वगळून काढलेली.

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी मी बोलले. ‘बटण आणखी दोनदा दाबा’ आणि ‘या प्रकारच्या सगळ्याच विजेऱ्या अशा असतात’ अशी दोन उत्तरे मिळाली. पहिल्याने दोष जात नाही. दुसरे खरे मानले, तर सेटिंग लक्षात राहते असे खोक्यावर छापण्याचा आपल्याला अधिकारच उरत नाही.

तरी सेटिंग खरोखर लक्षात ठेवणारी आणि कडी घट्ट बसणारी विजेरी मला बदलून द्यावी. तशी आपल्याकडे नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. कडीची रिंग बदलून देतो म्हणून विजेरी दुरुस्तीला मागवू नये, कारण बटणाचा दोष रिंग बदलून सुटणारा नाही. शिवाय लुमेन, अंतर आणि वेळ हे आकडे प्रत्येक प्रकारासाठी वेगवेगळे आणि झोताच्या स्थितीसह खोक्यावर छापावेत, ही माझी आग्रहाची मागणी आहे. विजेरी वॉरंटीच्या मुदतीत आहे. आपले उत्तर लेखी मिळावे.

कळावे.

आपली,
एक ग्राहक

सोबत: खरेदीच्या पावतीची प्रत, दोन्ही दोष दाखवणारी चित्रफीत.