फिनलंडकडून नेमके काय घ्यायचे?

मा. संपादक,

फिनलंडच्या शाळांचे गोडवे गाणारे लेख आपल्या पुरवणीत अधूनमधून येतात. गृहपाठ कमी, परीक्षा कमी, शाळेत जायचे ते सातव्या वर्षी. ते वाचून गावातले पालक मला, एका निवृत्त मास्तराला, विचारतात, ‘गुरुजी, हे आपल्याकडे कधी येणार?’

जे एका परिपत्रकावर येऊ शकते ते येईलही. खर्चाचे तेवढे तिकडेच राहते. १९७९ पासून तिथे प्राथमिकच्या शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते, हे सहसा लेखाच्या तळाशी कुठेतरी असते.

खरे तर उसनवारी फिनलंडनेही केली. सर्वांना एकच नऊ वर्षांची शाळा ही व्यवस्था शेजारच्या स्वीडनने १९६२ मध्ये आणली होती, तीच त्यांनी डोळ्यांपुढे ठेवली. पण १९७२ मध्ये सुरुवात केली ती पार उत्तरेकडच्या लॅपलँडातून. राजधानी हेलसिंकीचा नंबर लागला १९७७ मध्ये, सगळ्यांत शेवटी. म्हणजे बेंगळूरच्या आधी आमच्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीला काही मिळावे, तसे! (हसू नका.)

आपल्या कर्नाटकातही असे एकदा घडले आहे. म्हैसूर जिल्ह्यातला एच. डी. कोटे हा खानापूरसारखाच जंगलाचा, सीमेवरचा तालुका. तिथल्या शिक्षकांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या गावशाळा पाहिल्या आणि १९९५ मध्ये युनिसेफच्या मदतीने ‘नली-कली’ (म्हणजे आनंदाने, नाचत शिका) ही शिकवण्याची पद्धत सुरू केली. पहिली ते तिसरीची मुले एका खोलीत (खेड्यात ती तशीही असतातच), पायरीपायरीने चढायची शिकण्याची शिडी, धड्यांची कार्डे आणि ज्याचा त्याचा वेग. कार्डे शिक्षकांनी स्वतः घडवली होती.

२००९ नंतर ती राज्यभर पसरली. आमच्या शाळेत मात्र ती खोक्यात बंद होऊन आली. प्रशिक्षण कन्नडमधून झाले. कन्नड मला येते, अडचण ती नव्हती. पण तिथली गाणी मराठी पोरांच्या तोंडी कशी बसणार? मग आम्ही दोघा मास्तरांनी जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर आपली गाणी रचली. त्या वर्षी मुले खरोखरच नाचत शिकली. पुढच्या वर्षी जोडीदाराची बदली झाली, जागा भरलीच नाही. एकट्याने सगळे वर्ग सांभाळताना कार्डे कपाटात गेली आणि आमच्याकडच्या पावसात त्यांना बुरशी चढली.

तेव्हा एक विनंती आहे. फिनलंडवरचा पुढचा लेख छापाल, त्याच्या शेजारी एक चौकटही द्यावी : सीमाभागातल्या मराठी शाळांत शिक्षकांच्या मंजूर जागा किती आणि आज भरलेल्या किती.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव