खाडीत क्रूझ आणायच्या आधी चार खुणा तरी लावा

महोदय,

सध्या पेपरात कोकणातल्या जलपर्यटनाबद्दल बरंच छापून येतंय, हाऊसबोट येणार, क्रूझ येणार, मगर सफारी वाढवणार वगैरे. वाचून बरं वाटतं, नाही असं नाही. पण नुकतंच आम्ही कॉलेजचे जुने पाच मित्र दाभोळपासून चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत अख्खी दाभोळ खाडी मोटरच्या होडीने गेलो आणि परत आलो, त्यामुळे या विषयावर दोन शब्द लिहावेसे वाटले. माझं मूळ गाव चिपळूण तालुक्यातलंच, पण इतकी वर्षं खाडी बघितली ती पुलावरून नाहीतर परशुरामाच्या घाटातून. वरून वाशिष्ठीचं वळण बघायचं, फोटो काढायचा आणि गाडी पुढे. पाण्यात बसून बघितली की ती वेगळीच दिसते.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही खाडी म्हणजे साधासुधा ओढा नाही, २०१६ च्या कायद्याने देशात जे १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले त्यातला २८ नंबरचा जलमार्ग म्हणजे आपली दाभोळ खाडी आणि वाशिष्ठी, साधारण ४५ किलोमीटर. म्हणजे कागदावर हिचा दर्जा हायवेचा आहे. आणि तो काही उगाच दिलेला नाही, दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं नावाजलेलं बंदर, घोडे इथे उतरायचे, पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी भारत फिरून परतताना इथूनच जहाजात बसला, आणि १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी हे गाव जाळलं तेही ते श्रीमंत होतं म्हणूनच. अगदी आपल्या आजोबांच्या काळातसुद्धा मुंबईहून निघालेली बोट दाभोळला थांबायची आणि चिपळूणकडची माणसं तिथून छोट्या लाँचने भरतीबरोबर वर यायची. आज त्या पाण्यावर काय आहे तर दाभोळ ते धोपावे फेरीबोट, जी २००३ पासून चालू आहे आणि एकदम मस्त चालू आहे, तिच्यामुळे गुहागरला जायला चिपळूणवरून घालावा लागणारा वळसा वाचतो. पण ती खाडी ओलांडते. खाडीतून वर जायचं असेल तर तुम्ही, तुमचा तांडेल (म्हणजे होडी हाकणारा) आणि देव.

आम्ही माघातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो. तारीख तांडेलाने ठरवली, आम्ही नाही. त्याचा हिशोब सोपा, जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, म्हणजे प्रतिपदेला पाऊण वाजता. मोबाईलवरच्या अॅपमध्ये बघितलं तर थोडाफार फरक होता, पण कामापुरतं बरोबर. सकाळी साडेसातला दाभोळहून निघायचं, पाणी चढायला लागलेलं असतं, ते तुम्हाला ढकलत ढकलत वर नेतं आणि दुपारी भरती टिपेला आली की तुम्ही गोवळकोटला. पेट्रोल कमी लागतं हा त्यातला खरा मुद्दा, असं तोच म्हणाला.

सकाळचा प्रवास म्हणजे काय सांगू. मागे अंजनवेलचा गोपाळगड आणि एन्रॉनच्या वीज प्रकल्पाची ती धुराडी (कंपनीचं नाव कितीही वेळा बदललं तरी आमच्याकडे ती एन्रॉनच), डाव्या अंगाला दाभोळची जुनी शाही मशीद अगदी पाण्याच्या काठावर, आणि मग हळूहळू समुद्राचा वास जातो आणि चिखलाचा, कांदळवनाचा वास सुरू होतो. दोन्ही बाजूला तिवरं, मधेच एखादा माणूस गुडघाभर पाण्यात पाग टाकतोय, खंड्या तर इतके की नंतर नंतर कोणी बोट दाखवायचं बंद केलं. आमच्यातला एकजण बँकेतून नुकताच रिटायर झालाय, तो अख्ख्या आयुष्यात इतका वेळ गप्प बसलेला आम्ही बघितला नव्हता. वर जाताना पाणी गोडं होत जातं हे मला माहीत होतं, पण का ते त्या दिवशी नीट समजलं. कोयनेचं पाणी पोफळीला आणि खाली कोळकेवाडीला वीज करून झालं की ते अवजल वाशिष्ठीत सोडतात, वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी इतका पश्चिमेकडे वळवायचा कोटा आहे. म्हणजे ही बहुतेक कोकणी नद्यांसारखी मार्चमध्ये आटत नाही. पण वीजनिर्मिती बंद असली की वरच्या भागात पाणी उतरतं. तर खाडीच्या या टोकाला किती पाणी आहे हे एक चंद्रावर आणि दुसरं पोफळीच्या टर्बाइनवर ठरतं, आणि यातलं दुसरं कुठल्याच पंचांगात सापडत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मगरी. सगळ्यांना मगरी बघायच्या असतात, आम्हालाही होत्या. मगर उन्हाला बसते ती चिखलावर, आणि चिखल उघडा पडतो तो ओहोटीला, भरती भरलेली असताना कितीही फिरा, तुम्हाला फक्त पाणी दिसणार. म्हणून गोवळकोटला करंजेश्वरीचं दर्शन, जेवण वगैरे झाल्यावर तांडेलाने आम्हाला मुद्दाम थांबवून ठेवलं, पाणी उतरू दे म्हणाला, आणि साडेतीनच्या सुमारास निघालो. मगरी दिसल्या, चांगल्या धिप्पाड दिसल्या, एक तर तोंड उघडं टाकून अशी पडली होती की आधी ओंडकाच वाटला. पण गंमत अशी की मगरी दिसायला ओहोटी लागते आणि ओहोटीतच होडीला जायला जागा उरत नाही. मालदोलीच्या अलीकडे पात्र चांगलं रुंद दिसत होतं, इतकं की कोणालाही वाटेल इथून जहाज जाईल, आणि तिथेच बुडाखालून खर्र्र आवाज आला आणि आम्ही वाळूवर बसलो.

तांडेल घाबरला नाही. मोटर बंद करून पंखा वर उचलला, आम्हा सगळ्यांना पुढे नाळेत जाऊन बसायला सांगितलं म्हणजे मागचा भाग हलका होतो, आणि त्याने बांबू रोवून रेटा दिला. चौथ्या पाचव्या रेट्याला सुटलो. नेहमी अशा वेळी दोघं खाली उतरून ढकलतात म्हणे, पण दहा मिनिटांपूर्वी जे बघितलं होतं त्यानंतर कोणी उतरायला तयार नव्हतं, तोही नाही. मी त्याला विचारलं की तुला इथला वाळूचा पट्टा माहीत नव्हता का, तर म्हणाला माहीत होता, पण २०२१ च्या पुरानंतर पट्टे सरकलेत, मग गाळ काढला तेव्हा परत सरकले, वाळू उपसणारे आपल्या सोयीने खड्डे करतात तिथे आणखी वेगळं होतं, आता दर पावसाळ्यानंतर परत शिकायला लागतं. तो खुणा कशावर धरतो तर एक देऊळ, एक आंब्याचं झाड आणि कोणाच्या तरी घराचं निळं छप्पर, हे एका रेषेत आले की वळायचं. पण ते छप्पर गेल्या वर्षी लाल केलं म्हणे.

माझं म्हणणं एवढंच आहे. राष्ट्रीय जलमार्ग २८ वर आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत होतो आणि खोल पाणी कुठे, वाळू कुठे हे सांगणारी एकही खूण आम्हाला दिसली नाही. एखादं तरंगतं पिंप, एक लाल हिरवा बांबू, काहीसुद्धा नाही. अहो रस्त्यावर एक स्पीडब्रेकर टाकला तर त्याला पांढरे पट्टे मारतात (कधीकधी). गावातल्या धक्क्यांवर भरती ओहोटीच्या वेळांचा साधा फळा नाही, त्यामुळे पुण्यामुंबईचा पर्यटक येतो, त्याला वाटतं पैसे दिले की अकरा वाजता बोट सुटणार, आणि बोटवाला बिचारा गिऱ्हाईक जाईल म्हणून नको त्या पाण्यात होडी घालतो. काही ठिकाणी धक्क्याच्या पायऱ्यांवर इतका चिखल आणि शेवाळ की आमच्यातला एकजण उतरताना बसलाच, खाडीपेक्षा पायरी जास्त धोक्याची.

लाइफजॅकेटचं तर बोलायलाच नको. आमच्या होडीत माणसं सहा, जॅकेटं चार, त्यातल्या एकाचं बक्कल तुटलेलं, आणि ती सीटखाली जाळ्याच्या गुंत्यात. मी होडीवाल्याला दोष देत नाही, त्याची ती मासेमारीची होडी, पर्यटक हा त्याचा जोडधंदा. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली, तेव्हा आठवडाभर सगळीकडे लाइफजॅकेटची चर्चा होती, पोलीस बंदरावर उभे राहून सगळ्यांना ती घालायला लावत होते. मुंबईतून ती कडकपणाची लाट दाभोळपर्यंत पोचेस्तोवर ओसरली बहुतेक. लहान मुलांच्या मापाची जॅकेटं तर मी कोकणात फार कमी ठिकाणी बघितलीत, आणि मोठ्याचं जॅकेट मुलाला घातलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जातं, म्हणजे घातलं काय न घातलं काय.

दाभोळच्या जवळ आलो तोवर अंधार पडला होता. या शेवटच्या टप्प्यात खरी भीती वाटली, वाळूत अडकलो तेव्हा नाही. मधे मधे डोली (पाण्यात एका जागी बांधून ठेवलेली मासेमारीची जाळी) लावलेल्या, त्यांच्यावर दिवा नाही, आमच्याकडे एक टॉर्च, आणि तांडेल जाळं पंख्यात जाऊ नये म्हणून अगदी सावकाश. यात मच्छीमारांची चूक काढणारा मी कोण, खाडी आधी त्यांची आहे. पण उद्या इथे स्पीडबोटी आल्या, ज्यांना जाळी कुठे ते माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची घाईही नाही, तर आधी जाळी फाटणार, मग भांडणं होणार, आणि त्या लाटांनी काठाचा चिखल ढासळून तिवरं उघडी पडणार ते वेगळंच.

हे सगळं करायला फार पैसा लागतो असंही नाही. मेरीटाइम बोर्ड आहे, केंद्राचं जलमार्ग प्राधिकरण आहे, २०२१ चा नवा अंतर्देशीय जलयान कायदाही आहे, म्हणजे जबाबदारी घ्यायला खाती भरपूर. नारळी पौर्णिमेनंतर होड्या परत पाण्यात उतरतात, त्या सुमारास खाडीतल्याच चार जुन्या तांडेलांना रोजंदारी देऊन पात्र मोजून घ्या, त्यांनी दाखवलेल्या जागी रंगवलेले बांबू नाहीतर पिंपं लावा, दरवर्षी नव्याने लावा कारण वाळू दरवर्षी हलणार. धक्क्यांवर महिन्याच्या भरतीचा तक्ता लावा, त्यासाठी दोन हजाराचा फ्लेक्स पुरे, नाहीतरी आपल्याकडे प्रत्येक वाढदिवसाला तो लागतोच. डोलीच्या टोकाला सोलरचा छोटा दिवा अनुदानात द्या. जॅकेटं नाममात्र भाड्याने धक्क्यावरच मिळू देत, आणि स्थानिक मच्छीमाराला पर्यटक न्यायचा परवाना सरळ, कमी फीमध्ये मिळावा, नाहीतर सगळा धंदा बाहेरून येऊन मोठी बोट टाकणाऱ्याकडे जाईल आणि ज्याला पात्र कळतं तो त्याच्याकडे खलाशी म्हणून राहील. वेगाची मर्यादा तर हवीच.

क्रूझवाल्यांना माझा विरोध नाहीये. पण मोठ्या बोटीला आमच्या होडीपेक्षा जास्त पाणी लागणार, आणि आमची फायबरची हलकी होडी जिथे बसली तिथे ती गाळ उपसल्याशिवाय जाणार कशी, मग उपसा, मग काढलेला गाळ टाकायचा कुठे, तिवरांत? हे प्रश्न टेंडर निघायच्या आधी कोणीतरी चिपळूण, खेड, दापोली आणि गुहागरच्या खाडीकाठच्या ग्रामपंचायतींना बसवून विचारायला पाहिजेत, आणि त्या बैठकीची बातमी तुमच्या पेपरने अवश्य छापावी. आमचा ग्रुप येत्या डिसेंबरात परत जाणार आहे, यावेळी बायकामुलांना घेऊन, म्हणून जॅकेटं आम्ही डोंबिवलीहूनच विकत घेऊन जातोय.

– एक वाचक, डोंबिवली (मूळ गाव चिपळूण तालुका)