खारकच्छाचे मुख उघडे कोण ठेवते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

किनाऱ्यावरच्या खारकच्छांविषयी, म्हणजे ज्यांना आपण लगून म्हणतो त्यांच्याविषयी, वृत्तपत्रांतून जे वाचायला मिळते त्यात बहुधा दोनच गोष्टी असतात: हिवाळ्यात उतरलेले रोहित पक्षी आणि समुद्राला जोडणारे त्यांचे बुजलेले मुख मोकळे करण्यासाठी मंजूर झालेला निधी. पक्ष्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मुख का बुजते हा प्रश्न मात्र त्या दुसऱ्या बातमीत क्वचितच विचारलेला असतो आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग मुखापाशी नसून आतल्या उथळ पाण्यात असतो, हे मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने वर आली आणि साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी ही वाढ मंदावली. त्यानंतर लाटांनी किनाऱ्याला समांतर वाळूचे दांडे रचले आणि त्यांच्यामागे जे उथळ पाणी अडकले तीच आजची बहुतेक खारकच्छे. जगातील किनाऱ्यांच्या सुमारे १३ टक्के लांबीवर अशी रचना आढळते. भूशास्त्राच्या हिशेबात ही खारकच्छे कालपरवाची आहेत आणि नद्यांचा गाळ त्यांना हळूहळू भरतच असतो. त्यामुळे 'नाहीतरी बुजणारच आहेत, मग आपण थोडी घाई केली तर काय बिघडले' असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. हजारो वर्षांचे काम दोन दशकांत उरकण्याला घाई म्हणणे फारच सौम्य झाले.

मुखाचे गणित समजायला अवघड नाही. लाटा किनाऱ्यावर तिरप्या आपटतात, त्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेने सतत सरकत राहते आणि वाटेत येणारे मुख बुजवू पाहते. भरतीला आत शिरलेले पाणी ओहोटीला जोराने बाहेर पडते आणि ही वाळू समुद्राकडे लोटते. या ओढाताणीत मुखाची रुंदी आणि खोली ठरते. अमेरिकन अभियंते मॉरो ओब्रायन यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले की, मुखाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ हे एका भरतीत त्यातून ये-जा करणाऱ्या पाण्याच्या घनफळावर अवलंबून असते. समजा, दहा चौरस किलोमीटरच्या एखाद्या खारकच्छात भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक अर्धा मीटर आहे. म्हणजे प्रत्येक भरतीला सुमारे ५० लाख घनमीटर पाणी मुखातून आत येते. आतल्या बाजूला एक चौरस किलोमीटर जागेवर भराव पडला की त्यातले ५ लाख घनमीटर कमी झाले, आणि तेही दर भरतीला. ओहोटीचा प्रवाह तेवढा मंदावतो, वाळू तेवढी अधिक बसते, मुख अरुंद होते आणि त्यामुळे आत येणारे पाणी आणखी घटते. मुखापासून दूर जावे तसतशी भरतीची उंची कमी होत जाते, म्हणून अगदी आतल्या टोकाच्या भरावाचा परिणाम तुलनेने कमी असतो, हे मान्य आहे. पण शहरे आणि बंदरे अनेकदा मुखाजवळच वाढतात आणि भरावही तिथेच पडतो.

चिलिकाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, पण बहुधा अर्धेच. ओडिशातील हे खारकच्छ १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आले आणि १९९३ मध्ये धोक्यातील पाणथळींच्या मॉन्ट्रो नोंदीत गेले. समुद्राला जोडणारी त्याची वाट लांबत आणि गाळाने भरत गेली होती, क्षारता घटली होती आणि गोड्या पाण्यातील वनस्पती फोफावल्या होत्या. २३ सप्टेंबर २००० रोजी वाळूचा दांडा कापून नवे मुख उघडण्यात आले आणि ही वाट सुमारे १८ किलोमीटरने आखूड झाली. पावणेदोन हजार टनांच्या आसपास आलेले मासळीचे वार्षिक उत्पादन थोड्याच वर्षांत दहा हजार टनांपलीकडे गेले आणि २००२ मध्ये चिलिकाचे नाव त्या नोंदीतून वगळण्यात आले. इथवर सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर ते मुखही वाळूबरोबर सरकत राहिले आणि ऑक्टोबर २०१३ मधील फायलीन चक्रीवादळाच्या वेळी दांड्यात आणखी मुखे फुटली, हे फारसे सांगितले जात नाही. आणखी एक बाब तर जवळजवळ विसरलीच गेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ च्या निकालात चिलिका आणि आंध्र-तमिळनाडूच्या सीमेवरील पुलिकत खारकच्छापासून एक हजार मीटरच्या आत कोळंबीची तळी बांधण्यास मनाई केली होती. तरीही चिलिकात बांध घालून आणि जाळी लावून पाणी अडवणाऱ्या 'घेरी' उभ्या राहत गेल्या आणि प्रशासनाला त्या पुन्हा पुन्हा पाडाव्या लागल्या. मातीच्या बांधाची प्रत्येक घेरी भरतीच्या पाण्याची जागा खाते आणि समुद्रातून आत येणाऱ्या मासळीच्या पिलांची वाट अडवते. एका बाजूने मुख कापायचे आणि दुसऱ्या बाजूने घेरीकडे डोळेझाक करायची, यात खर्च तेवढा वाढतो.

पाण्याची ये-जा थांबली की काय होते ते कांदळवनात सर्वांत आधी दिसते. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी श्वसनमुळे सरळ वर आलेली असतात. ओहोटीला ती उघडी पडतात आणि चिखलात गाडलेल्या मुळांना त्यांच्यातूनच हवा मिळते. पाणी चढून तसेच राहिले तर मुळे गुदमरतात. उतरून पुन्हा नीट चढलेच नाही तर उन्हाने चिखलात मीठ साचत जाते आणि झाड उभ्या उभ्या वाळते. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील सिएनागा ग्रांदे दे सांता मार्ता या खारकच्छात हा दुसरा प्रकार घडला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या वाळूच्या दांड्यावरून महामार्ग बांधला गेला आणि समुद्राशी असलेली बरीचशी देवघेव तुटली. पुढे नदीच्या बाजूनेही बांध पडल्याने गोडे पाणी घटले. १९९० च्या दशकापर्यंत तिथले निम्म्याहून अधिक कांदळवन मेले होते. नंतर बुजलेले कालवे उपसून पुन्हा वाहते केल्यावर काही भागात झाडे परत आली; रोपे लावण्यापेक्षा पाणी वाहते करण्याचा उपयोग तिथे अधिक झाला, ही गोष्ट वृक्षारोपणाच्या छायाचित्रांत रमणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

तुटलेल्या खारकच्छाचे पुढे काय होते हे पावसावर ठरते. ब्राझीलमधील आरारुआमा लांब, चिंचोळ्या वाटेने समुद्राला जोडलेले आहे आणि तिथे पाऊस कमी, वारा आणि ऊन भरपूर. त्यामुळे त्याचे पाणी समुद्रापेक्षाही खारट झाले. केरळातील वेंबनाडला नद्यांचे पाणी इतके मिळते की तिथे नेमके उलटे घडते. कुट्टनाडमधील समुद्रसपाटीपेक्षा खाली असलेली भातशेती खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी तण्णीरमुक्कम येथे सुमारे सव्वा किलोमीटरचा बंधारा बांधून १९७० च्या दशकाच्या मध्यापासून त्याचे दरवाजे कोरड्या हंगामात बंद ठेवले जाऊ लागले. हेतू खोटा नव्हता. भात पिकवणाऱ्यांनाही जगायचे आहे. पण वर्षाकाठी येणारे खारे पाणी जी जलपर्णी मारून टाकत असे ती आता वरच्या भागात निर्धास्त वाढते आणि साचलेल्या पाण्यात मलमूत्र आणि खतांचा अंश तसाच राहतो. गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीची मादी अंडी फुटण्याच्या वेळी निमखाऱ्या पाण्याकडे उतरते, कारण तिच्या अळ्या गोड्या पाण्यात जगत नाहीत. मोठी होऊ लागलेली पिले पुन्हा वर चढतात तेव्हा त्यांच्यापुढे बंद दरवाजे असतात. समुद्रात जन्मून वाढीसाठी आत येणाऱ्या टायगर कोळंबीचा आणि बोई माशाचा प्रवास याच्या उलट्या दिशेचा, पण अडथळा तोच.

जलमार्गांबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण अलीकडे प्रत्येक खारकच्छाकडे होड्यांचा रस्ता म्हणून पाहिले जाते. आयव्हरी कोस्टमधील एब्रिये खारकच्छातून आबिजान बंदरासाठी १९५० मध्ये व्रिदी कालवा समुद्रापर्यंत खोदण्यात आला. पाण्याला जवळची वाट मिळताच ग्रां-बासाम येथील जुने नैसर्गिक मुख वरचेवर बुजू लागले. ओब्रायन यांचे गणित इथेही लागू पडते: दोन मुखांना एकच पाणी वाटून घ्यावे लागते. कोचीला १९२० च्या दशकात मुखावरचा दांडा कापला गेला आणि उपसलेला गाळ आतच टाकून विलिंग्डन बेट उभारले गेले. तिथल्या जहाजमार्गातला गाळ आजही सतत उपसावा लागतो. खोल केलेल्या मार्गातून जड, खारे पाणी तळाशी सरपटत फार आतपर्यंत जाते, तेव्हा त्याची किंमत बंदरापासून दूरच्या शेतकऱ्याला मोजावी लागते.

लहान खारकच्छांच्या बाबतीत आणखी एक घाई नेहमी होते. त्यांची मुखे कोरड्या हंगामात आपोआप बंद होतात आणि पावसात आतली पातळी चढली की फुटतात. पुराच्या भीतीने दांडा वेळेआधी कापला तर पाण्याला पुरेसा जोर नसतो, धार उथळ पडते आणि काही दिवसांत वाळू पुन्हा येऊन बसते. दांडा कापण्याजोगे पाणी कधी झाले, हे तिथले मच्छीमार सहसा अचूक सांगतात. त्यांना विचारायला निविदा लागत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, खारकच्छालगतच्या कोणत्याही भरावाच्या, रस्त्याच्या किंवा तळ्यांच्या प्रस्तावात किती झाडे तुटणार एवढेच न सांगता, भरतीचे किती घनमीटर पाणी कमी होणार आणि मुखाच्या छेदावर त्याचा काय परिणाम होणार हे आकड्यांत मांडणे सक्तीचे करावे. गाळ उपसण्यासाठी निधी मागताना मुखाचे आणि आतल्या जलक्षेत्राचे गेल्या काही दशकांचे मोजमाप सोबत जोडावे. उपग्रहांची छायाचित्रे उपलब्ध असताना हे काम अवघड राहिलेले नाही. आणि बंधाऱ्यांचे दरवाजे कोणत्या तारखेला उघडणार-मिटणार हे ठरवणाऱ्या बैठकीत पाटबंधारे आणि शेती खात्यांच्या शेजारी मच्छीमारांना बसवावे, तसेच त्या काळातील क्षारतेचे आकडे आठवड्याला जाहीर करावेत.

आपला नम्र,
एक वाचक