गाळाची पट्टी पक्ष्यांना सोडा

महोदय,
कार्तिक सरत आला की नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्याला गाड्यांची रांग लागते. रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळालेली ही राज्यातली पहिली जागा; २०२० मध्ये तो जाहीर झाला. लोक आवर्जून येतात याचा आनंदच आहे. पण बरेच जण थेट पाण्याच्या कडेपर्यंत उतरतात, आणि नेमकी तीच कड पक्ष्यांचं ताट असते.

पाणी ओसरताना ओल्या गाळाची जी पट्टी उघडी पडते, तिच्यात अळ्या, किडे, बारीक गोगलगायी असतात. तुतारी आणि कंठेरी चिखल्या या काठावरच्या छोट्या पक्ष्यांचे पाय आखूड. बोट-दोन बोटं पाण्यापलीकडे त्यांना जाता येत नाही. शेकाट्या लांब पायांवर थोडा आत शिरतो. थापट्या बदक चोच पाण्याला टेकवून गोल गोल फिरत खाद्य गाळून घेतं, तर तलवार बदक शेपूट वर करून तळ चाळतं. बदकं आत सरकून वेळ मारून नेतात, पण माणूस काठावर उतरला की तुतारीला दुसरी जागाच उरत नाही.

आपण फार जवळ आलो, हे पक्षी उडण्याआधीच सांगतात. चरणं थांबतं, माना ताठ होतात, बदकं हळूहळू खोल पाण्याकडे वळतात. तिथेच थबकावं, दहा-पंधरा पावलं मागे यावं आणि खाली बसावं. थोड्या वेळाने माना पुन्हा खाली जातात. उडताना फोटो मिळावा म्हणून थवा मुद्दाम उठवणं तर अक्षम्यच आहे. दलदल ससाणा घिरट्या घालू लागला की त्यांना उडावंच लागतं. त्यात आपली भर कशाला?

नोंदी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुस्तकातला हिरव्या डोक्याचा थापट्या नोव्हेंबरात फारसा दिसत नाही. नराची पिसं अजून बदलत असतात, अंग मादीसारखं तपकिरी असतं. त्यामुळे सगळ्यांना ‘मादी’ लिहून मोकळं होऊ नये. सकाळचं ऊन पाठीवर घेऊन दुर्बिणीतून डोळा पाहावा: ठळक पिवळा असेल, तर तो नर. धोबी पक्ष्यांच्या नोंदीतही असंच नीट पाहावं. काळ्या डोक्यावर ठसठशीत पांढरी भुवई असलेला कवड्या धोबी बारमाही इथलाच. पांढरा धोबी मात्र हिवाळी पाहुणा.

वन विभागाला एक विनंती. पर्यटकांसाठी सीमा आखताना खांब एकदाच रोवून भागत नाही. पाणी मागे हटतं, नवा गाळ उघडा पडतो आणि नोव्हेंबरातली खूण जानेवारीत कोरड्या जमिनीवर उभी राहते. तिच्यापुढे चालत जायला कोणालाच काही वाटत नाही. ती सीमा पाण्याच्या कडेवरून मोजावी आणि दर पंधरवड्याला नव्याने आखावी. दोरी आणि बांबू एवढंच त्याला लागतं.

– एक पक्षीनिरीक्षक, निफाड