ओनोमिचीहून आलेले आईबाप

निशिकासाई, टोकियो
रविवार, दुपार

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

इथे पावसाळा लागलाय. 'त्सुयु' म्हणतात याला. आपल्या बार्शीच्या वळवासारखा अंगावर येत नाही, दिवसभर नुसती झिमझिम आणि कपडे वाळता वाळत नाहीत. गेले तीन शनिवार-रविवार मी घरातच आहे. एवढं काय काय बघून झालंय की ते फोनवर सांगून भागणार नाही. शिवाय फोनवर बाबा मला मध्येच तोडतात. म्हणून पत्र.

बाबा, 'परफेक्ट डेज' मीच तुम्हाला बघायला लावला होता. परवा तुम्ही म्हणालात, "माणूस रोज उठतो, संडास धुतो, झोपतो. याला सिनेमा म्हणतात होय?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. काल पुन्हा बघितला, आता सुचलंय. त्यातला नायक हिरायामा टोकियोच्या शिबुया भागातली सार्वजनिक स्वच्छतागृहं धुतो. हातात एक छोटा आरसा असतो. भांड्याच्या खालची, कुणाच्याही नजरेला पडणार नाही अशी बाजू तो आरसा धरून तपासतो, आठवतं? डेपोत तुम्ही गाडीखाली आडवे होऊन, दातांत बॅटरी धरून एकेक नट बघायचात. वर बसलेल्या प्रवाशाला त्याचा कधी पत्ता लागला नाही. तेही रोजचंच होतं. मला तो आरसा दिसला की तुमचे ग्रीसने काळे झालेले हात दिसतात. आता सांगा, यात काहीच घडत नाही?

हिरायामा झालेल्या कोजी याकुशोला या कामासाठी 2023 मध्ये कान महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचं बक्षीस मिळालं, आणि सिनेमाभर त्याच्या तोंडी मोजकी वाक्यं आहेत. त्यातलं ते काचेचं स्वच्छतागृह खरंच आहे. योयोगीच्या एका छोट्या बागेत, शिगेरू बान या वास्तुरचनाकाराने केलेलं. बाहेरून सगळं आरपार दिसतं, आत जाऊन कडी लावली की काच अपारदर्शक होते. मी मुद्दाम जाऊन बघून आले.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूची आहे. शेवटाकडे त्याची बहीण ड्रायव्हर असलेल्या गाडीतून येते आणि कळतं की तो पैसेवाल्या घरातला आहे, हे आयुष्य त्याने आपणहून पत्करलंय. तिथे मला सिनेमा लबाड वाटला. आपल्याकडे हे काम कुणाच्या वाट्याला येतं आणि का येतं, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलंय. ते पत्करलेलं नसतं. ज्याला दुसरा रस्ताच नाही त्याच्या दिवसाला असं सुंदर म्हणायचं धाडस दिग्दर्शकाने केलं असतं का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आई, आता तुझ्यासाठी. इथे रोज सकाळी आठला एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर पंधरा मिनिटांची मालिका लागते. 1961 पासून चालू आहे हे. बहुतेक वेळा एका बाईच्या आयुष्याची गोष्ट, सहा महिन्यांत संपते आणि दुसरी सुरू होते. शेजारच्या आजी ती संपली की छत्री घेऊन भाजीला निघतात, मला घड्याळ बघावं लागत नाही. तुझ्या साडेसातच्या मालिकेला मी नावं ठेवत नाही, तुझा तेवढाच विसावा आहे. पण शेवट कधी आहे हेच ठरलेलं नसलं की लिहिणाऱ्याला माणसं सांभाळता येत नाहीत. काल जीव लावणारी जाऊ आज दुधात विष कालवायला लागते. इथे शेवटची तारीख आधीपासून माहीत असते, त्यामुळे माणूस वळला तर तो हळूहळू वळलेला दिसतो.

त्यातली सगळ्यात गाजलेली 'ओशिन', 1983 ची. ती मात्र वर्षभर चालली, 297 भाग. सातव्या वर्षी ओशिनला एका लाकूड व्यापाऱ्याच्या घरी मूल सांभाळायला पाठवतात, वर्षाच्या एका पोतं तांदळाच्या बदल्यात. बर्फातून, नदीतून तराफा निघतो आणि पोर त्यावरून आईला हाका मारत राहते. तो भाग मी थांबत थांबत बघितला. तिच्या घरी भात पुरत नाही म्हणून त्यात मुळा किसून घालतात आणि वाढवतात. मला लगेच आपली आजी आठवली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची ती, सुकडी आणायची पदरात बांधून, आणि ती लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापताना तुटायची. आजी हे सांगताना कधी रडली नाही. ओशिनही म्हातारी होऊन आपली गोष्ट सांगते तेव्हा रडत नाही. मला वाटतं, म्हणूनच ती मालिका इतक्या देशांत चालली. आजी असती तर तिच्या शेजारी बसून मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं असतं.

तोरासानचे सिनेमेही दोन बघितले. गावोगाव फिरणारा फेरीवाला, दर वेळी घरी परत येतो, कुणाच्या तरी प्रेमात पडतो, पुन्हा बॅग उचलून निघतो. एकाच नटाला घेऊन 48 सिनेमे झाले! पहिला आवडला, दुसऱ्यात तेच पुन्हा आलं. सिनेमात त्याचं घर ज्या शिबामाता भागात आहे, तो इथून लांब नाही. स्टेशनबाहेर त्याचा पुतळा आहे, बॅग घेऊन निघालेला, मागे वळून बघणारा.

बाबा, हे सगळं बाजूला ठेवा. मला खरं लिहायचंय ते 'टोकियो स्टोरी'बद्दल. दिग्दर्शक ओझूचा, 1953 चा. ओनोमिची नावाच्या बंदरगावाहून सत्तरीचा बाप आणि त्याची बायको टोकियोत मुलांकडे येतात. थोरला डॉक्टर, मुलीचं केस करायचं दुकान. वाईट कुणीच नाही. फक्त कुणालाच वेळ नाही. मग मुलगा आणि मुलगी पैसे काढून त्यांना आतामीला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवून देतात. तिथे रात्रभर गाणी आणि जुगाराचा गोंगाट. सकाळी दोघं समुद्राकाठच्या बांधावर बसतात आणि म्हणतात, आता घरी जाऊ या. ओझूचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर ठेवलेला असतो, त्यामुळे आपणही त्यांच्या शेजारी मांडी घालून बसल्यासारखे होतो. मला तिथून उठता आलं नाही.

गेल्या साली तुम्ही दोघं आलात तेव्हा मला ऑफिसात रिलीजचं काम होतं. मी तुमचं फुजीच्या सहलीचं दोन दिवसांचं तिकीट काढलं, चांगलं हॉटेल बघितलं आणि मला वाटलं मी केवढं केलं. डोंगर ढगात होता. गाइड इंग्रजीतून भराभर बोलत होता. आईला तिथलं काही खाता आलं नाही, तिने दोन दिवस केळी खाल्ली. हे मला तुमच्याकडून नाही, ताईकडून कळलं. तुम्ही परत आल्यावर म्हणालात, "फार छान व्यवस्था होती." सिनेमातला बापही अगदी असंच बोलतो, हसून, मान हलवत. ते काम करणारा चिशू र्यू तेव्हा पन्नाशीचाही नव्हता, पण त्याचं ते हसू तुमचंच आहे, बाबा.

त्यांच्यासाठी एक दिवस रजा काढते ती विधवा सून, नोरिको. ती त्यांना बसमधून टोकियो दाखवते, शेजारणीकडून साके, म्हणजे तांदळाची दारू, मागून आणते. नंतर एका रात्री सासू तिच्या एवढ्याशा खोलीत झोपायला येते, तेव्हा नोरिको तिचे खांदे चेपून देते. सासू गावी परतते आणि वारते. ओसाकाचा मुलगा तर उशिरा पोचतो. विधी आटोपतात न आटोपतात तोच मुलगी आईचं किमोनो मागून घेते. मला तिचा राग आला आणि मग आला नाही. ती रडलीही होती, खरोखर.

तुम्ही यात्रेतल्या तंबूत बघितलेल्या 'ऊन पाऊस'ची गोष्ट मला किती वेळा सांगितलीत! राजा परांजपेंचा, मास्तर आणि त्यांची बायको, मुलांनी वाटून घेतलेले आईबाप. तो 1954 चा आहे, म्हणजे एकाच वर्षाचं अंतर. इकडे ओझू, तिकडे पुण्या-कोल्हापुरातली आपली माणसं, आणि दोघांना तेच म्हातारे दिसत होते. तुम्ही गोष्ट सांगताना शेवटी गप्प व्हायचात, मला वाटायचं तुम्ही विसरलात पुढचं.

ऑक्टोबरात या. मी पाच दिवसांची रजा आत्ताच टाकली आहे आणि ती मंजूरही झाली. बसमधून टोकियो बघू, तिघं एका रांगेत. आईचा डबा मी करीन.

तुमची,
धाकटी

ता. क. 'टोकियो स्टोरी' रात्री लावू नका. सव्वादोन तासांचा आहे आणि खालची अक्षरं बारीक असतात. दुपारी, दोघं मिळून बघा. आणि या वेळी मी बाबांना फोनवर मध्ये तोडणार नाही, काय वाटलं ते सगळं सांगा.